मातीतला कर्ब आणि शेतातून सुटणारे वायू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की जे प्रश्न पडतात, आणि अलीकडे ‘कार्बन क्रेडिट’ (मातीत साठवलेल्या कर्बाचे किंवा रोखलेल्या वायूंचे बाजारात विकता येणारे प्रमाणपत्र) हा शब्द गावात पोहोचल्यापासून जे फोन येतात, त्यांतले सारखे सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे कोकणातल्या खाचरांची, उसाच्या पट्ट्यातली, काळ्या रानाची आणि सह्याद्रीच्या जंगलाची आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सेंद्रिय कर्ब म्हणजे नक्की काय? शेणखतालाच कर्ब म्हणायचे का?

नाही. शेणखत, पालापाचोळा, मुळ्या, मेलेले किडे आणि जीवाणू हे सेंद्रिय पदार्थ. त्यांच्यातले कार्बन हे मूलद्रव्य म्हणजे सेंद्रिय कर्ब. मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात साधारण ५८ टक्के कर्ब धरतात, म्हणून अहवालातल्या कर्बाला १.७२ ने गुणले की सेंद्रिय पदार्थाचे प्रमाण निघते. कर्ब ०.५ टक्के असेल तर सेंद्रिय पदार्थ सुमारे ०.८६ टक्के.

हा कर्ब मुळात हवेतला. पिकाने तो पानातून घेतला, मुळांतून आणि काडीकचऱ्यातून मातीला दिला. जीवाणूंनी त्यातला बराचसा खाऊन श्वासावाटे परत हवेत सोडला. जो उरला तो चिकणमातीच्या कणांना धरून बसला, तेवढाच आपला. जगभरच्या मातीत वरच्या एक मीटर थरात असा सुमारे १,५०० अब्ज टन कर्ब आहे, म्हणजे हवेतल्या एकूण कार्बनच्या दीडपटीहून जास्त. मातीकडे सगळ्यांचे लक्ष वळले आहे ते यामुळेच.

२. शेतातून कोणकोणते वायू सुटतात? सगळे सारखेच घातक का?

मुख्य तीन. सेंद्रिय पदार्थ कुजताना कार्बन डायऑक्साइड, पाणी तुंबलेल्या मातीतून मिथेन, आणि नत्रातून नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन हा सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलोइतकी. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालातले हे आकडे आहेत. मिथेन दहा-बारा वर्षांत हवेतून नाहीसा होतो, नायट्रस ऑक्साइड शंभरेक वर्षे टिकतो.

म्हणून एका वायूवर नजर ठेवून भागत नाही. कर्ब वाढवण्याच्या नादात पाणी तुंबवले किंवा नत्र जास्त टाकले, तर एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने जाते.

३. माझ्या अहवालात कर्ब ०.४ टक्के आला आहे. जमीन मेली का?

मुळीच नाही. प्रचलित वर्गवारीत ०.५ टक्क्यांच्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम आणि त्यावर जास्त समजतात. (महाराष्ट्रातल्या काही अहवालांत सहा पायऱ्यांची वर्गवारी असते, त्यामुळे शेरा वेगळा दिसू शकतो, शेऱ्यापेक्षा आकडा बघा.) २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत जे १२ घटक तपासतात, त्यांत हा एक.

पण नुसता आकडाही फसवतो. मुरमाड हलक्या रानात ०.४ हा बऱ्यापैकी आकडा आहे. खोल काळ्या जमिनीत तोच आकडा सांगतो की वर्षानुवर्षे काढून घेतले, घातले काहीच नाही. शेजारच्या बांधावरची, कधी न नांगरलेली माती एकदा तपासून घ्या. तुमच्या मातीची धारणा किती आहे ते तिथे कळते.

४. ०.४ वरून ०.५ करायला किती शेणखत लागेल?

हिशेब सोपा आहे, प्रत्येकाने एकदा स्वतः मांडून बघावा. एक हेक्टर रान, वरचा १५ सेंटिमीटर थर, म्हणजे १,५०० घनमीटर माती. एका घनमीटरचे वजन १.३ टन धरले तर १,९५० टन. त्याच्या ०.१ टक्का म्हणजे १.९५ टन कर्ब. एकराला उतरवले तर सुमारे ७९० किलो.

आता शेणखत. चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात ढोबळमानाने १२ ते १५ टक्के कर्ब असतो. एकरी पाच टन टाकले तर ६०० ते ७५० किलो कर्ब गेला. वाटते, एका वर्षात काम झाले! पण त्यातला बहुतेक पुढच्या काही वर्षांत जीवाणू खाऊन टाकतात; दहातला एखाद-दुसरा भाग टिकतो. म्हणजे वर्षाला शंभरेक किलोची भर, आणि ती दरवर्षी पाच टन टाकत राहिलात तर. सात-आठ वर्षे लागतात. कोणी एका हंगामात कर्ब दुप्पट करून देतो म्हणाला, तर त्याला हा हिशेब कागदावर मांडायला सांगा.

आणखी एक. मातीत टिकणारा कर्ब नत्राला धरून असतो, साधारण दहा-बारा भाग कर्बाला एक भाग नत्र. एक टन कर्ब टिकवायला ८० किलोच्या आसपास नत्र मातीतच गुंतून राहते. म्हणून नुसता भुसा किंवा काडी टाकून कर्ब वाढत नाही, आणि डाळवर्गीय पीक फेरपालटात असले की वाढतो.

५. जीवामृताने सेंद्रिय कर्ब वाढतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर ऐकून काही जण नाराज होतात. २०० लिटर जीवामृतात १० किलो ताजे शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. शेणात ऐंशी टक्के पाणीच. सगळ्याचा मिळून कर्ब तीन किलोच्या आसपास. वर काढलेल्या ७९० किलोपुढे हे तीन किलो.

जीवामृत कुजण्याच्या कामाला हातभार लावत असेल, पण कुजवायला रानात काहीतरी असावे लागते. जे शेतकरी जीवामृताबरोबर जाड आच्छादन ठेवतात, त्यांचा कर्ब वाढलेला दिसतो. ते श्रेय आच्छादनाचे आणि मुळांचे आहे. उघड्या रानावर नुसती आळवणी करून आकडा हलणार नाही.

६. आपल्याकडच्या उन्हात कर्ब जळून जातो म्हणतात. खरे का?

ऊन कर्ब जाळत नाही, जीवाणू खातात. ऊब वाढली की त्यांची भूक वाढते. साधारण दहा अंशांनी तापमान वाढले की कुजण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणून थंड देशांत मातीत दोन-तीन टक्के कर्ब सहज टिकतो आणि आपल्याला एक टक्का गाठताना दमछाक होते. तिथले आकडे वाचून स्वतःला दोष देऊ नका.

पण एप्रिल-मेच्या कोरड्या रानात जीवाणू पाण्याविना निपचित असतात. खरा खर्च पहिल्या पावसाला होतो. नांगरून तापवलेल्या ढेकळांवर वळवाचा पाऊस पडला की काही तासांत मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो. ढेकूळ फुटल्यामुळे आत लपलेला कर्ब उघडा पडलेला असतो आणि जीवाणू एकदम जागे होतात. वळवानंतरचा तो हवाहवासा मातीचा वासही जीवाणूंचाच, मातीतल्या एका जातीच्या. रान उघडे नसेल, वर काडीकचऱ्याचे पांघरूण असेल, तर हा लोंढा कमी राहतो.

७. मग नांगरट बंदच केली तर?

माती उघडी पडत नाही, धूप थांबते, डिझेल वाचते. हे तीन फायदे नक्की. कर्बाबाबत थोडे जपून बोलायला हवे. नांगरट बंद केल्यावर वरच्या ५-१० सेंटिमीटरमध्ये कर्ब पटकन वाढलेला दिसतो, कारण आता काडी वरच कुजते. खाली ३०-४० सेंटिमीटरवर तो तितकाच राहिलेला किंवा कमी झालेलाही सापडतो. वरवरचा नमुना घेऊन केलेले दावे यामुळे फुगतात.

भातात याचे उत्तम उदाहरण म्हणजे नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेले सगुणा राईस तंत्र. गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, टोकण करायची, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. कुजलेल्या मुळांच्या नळ्यांतून पाणी आणि हवा आत जाते. पाणी तुंबत नसल्याने मिथेनचाही प्रश्न हलका होतो (प्रश्न १०). तणांचा बंदोबस्त मात्र नेटाने करावा लागतो. त्यात ढिलाई झाली की माणूस पुन्हा नांगराकडे वळतो, आणि एका नांगरटीत बरीचशी कमाई जाते.

८. उसाचे पाचट जाळले तर बिघडते काय? राखही खतच आहे ना?

राखेत पालाश आणि थोडे स्फुरद राहते, तेही वाऱ्याने किंवा पहिल्या पाण्याने बांधापर्यंत गेले नाही तर. बाकीचे काय जाते ते बघा. एकरी साडेतीन-चार टन वाळलेले पाचट, म्हणजे दीड टनाच्या वर कर्ब. त्यात १६ ते २० किलो नत्र, जवळजवळ एक गोणी युरिया. काडी ओढल्यावर वीस मिनिटांत हे सगळे हवेत. वरच्या बोटभर मातीतले गांडूळ आणि जीव भाजतात ते वेगळेच.

पाचट ठेवायची पद्धत अवघड नाही. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटून घ्या. पाचट एक आड एक सरीत दाबा किंवा कुट्टी यंत्राने बारीक करा. वर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जीवाणू पसरा, मग पाणी द्या. युरिया कशाला, असे विचारतात. पाचटात नत्र फारच कमी, कर्ब भरपूर. कुजवणारे जीवाणू नत्रासाठी उसाशीच भांडतात आणि खोडवा (बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो. तो पिवळेपणा पाहूनच लोक पुढच्या वर्षी पाचट पेटवतात. थोडे नत्र आधी दिले की भांडण मिटते.

तीन-चार महिन्यांनी त्या सरीत हात घालून बघा. वरचा थर अजून कडक, पिवळा, पावलाखाली कुरकुरणारा. त्याखाली पाने काळसर, बोटाने चुरता येणारी, आणि तळाला पांढरी बुरशीची जाळी, त्यात शिरलेली उसाची केसासारखी मुळे. शेजारच्या उघड्या सरीत ही मुळे वर येत नाहीत.

९. जाळलेल्या पाचटातला कार्बन डायऑक्साइड पुढचा ऊस परत शोषतोच. मग हिशेबात नुकसान कुठे?

मुद्दा बरोबर आहे, आणि देशाच्या वायूंच्या हिशेबातही वार्षिक पिकाच्या काडीचा कार्बन डायऑक्साइड याच कारणासाठी धरत नाहीत. पण जाळताना मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतात, ते ऊस परत घेत नाही. आयपीसीसीचे सर्वसाधारण गुणक लावले तर एकरी चार टन पाचटामागे हे दोन वायू मिळून सुमारे ३०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके भरतात. आणि ते पाचट मातीत गेले असते तर जो अंश टिकला असता, तोही हुकला.

१०. भातखाचरातून मिथेन निघतो म्हणजे नेमके काय होते?

ऑगस्टमध्ये खाचरात अनवाणी उतरा. पाऊल चिखलात रुतते आणि घोट्याभोवती बुडबुडे वर येतात. त्यात मिथेन असतो. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, तेव्हा मातीतले जीवाणू प्राणवायू संपवतात, मग नायट्रेट, मग लोह, मग सल्फेट वापरतात. हे सगळे सरले की मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हंगाम सुरू होतो. भाताच्या देठात हवा खाली नेणारी पोकळी असते. त्याच वाटेने मिथेन वर येतो. बुडबुडे डोळ्यांना दिसतात, पण बहुतेक वायू रोपातूनच जातो.

रोप उपटले तर मुळांवर तांबूस गंजाचा लेप दिसतो. मुळातून झिरपलेल्या प्राणवायूने लोह गंजते, त्याचा तो लेप. कोकणच्या जांभ्या मातीत लोह भरपूर, म्हणून तिथे मिथेन सुरू व्हायला थोडा उशीर लागतो.

मोजतात कसे, तर रोपांवर तळ नसलेली पारदर्शक पेटी उपडी ठेवून, दर दहा-पंधरा मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढून. ती हवा प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, जाते. पेटीत वायू किती वेगाने साठला त्यावरून एकराचा आकडा काढतात.

११. मिथेन कमी करायचा तर पाणी सोडून द्यायचे का? पीक गेले तर?

पूर्ण नाही, अधूनमधून. ३० सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडा, तेवढा भाग खाचरात पुरा आणि आतला चिखल काढून टाका. पाइपमध्ये पाणी जमिनीच्या १५ सेंटिमीटर खाली गेलेले दिसले की पुन्हा पाच सेंटिमीटर पाणी भरा. लावणीनंतर पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या आगेमागे एकेक आठवडा पाणी ठेवायचे. अशा ओल-सुकीने मिथेन साधारण ३० ते ५० टक्के घटतो आणि उत्पन्न सहसा घटत नाही. माती फाटेपर्यंत वाट पाहिली तर मात्र घटेल.

कोकणातला खरा अडथळा वेगळा आहे. जुलैत पाऊस थांबतच नाही, तिथे कुणी पाणी आटवायचे कसे? ही पद्धत उन्हाळी भातात, कर्जत तालुक्यात राजनाल्याच्या पाण्यावर पिकतो तशा भातात, सहज जमते. पावसाळी खाचरात उताराकडची मोरी उघडून उघडीप साधून एकदा जरी निचरा केला तरी फरक पडतो. दुसरे, ओल-सुकीच्या फेऱ्यांत नायट्रस ऑक्साइड वाढतो. युरिया फेकून पाणी आटवले तर मिथेनची बचत काही अंशी तिथे जाते. खत आणि पाणी यांचे वेळापत्रक एकत्रच ठरवा (प्रश्न १३).

१२. एक गोणी युरियातून किती वायू जातो?

४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र. आयपीसीसीचा सर्वसाधारण गुणक असा, की टाकलेल्या नत्रातला एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन जातो. त्याचे वजन निघते ३२५ ग्रॅम. ऐकायला क्षुल्लक, पण २७३ ने गुणा: सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. शिवाय युरियाच्या रेणूत कार्बन असतो, तो मातीत सुटून आणखी ३३ किलो. एका गोणीमागे १२० किलोच्या घरात. कारखान्यात युरिया बनवताना जे जळले ते यात नाही.

हा एक टक्का सगळीकडे सारखा नसतो. कोरड्या हवामानात निम्मा, ओल्यात दीडपट. काळ्या जमिनीत युरिया दिला आणि त्याच रात्री धो धो पाऊस होऊन रान चिबडले, तर तो सगळ्यात वाईट दिवस. अर्धवट तुंबलेली माती, ऊब आणि ताजे नत्र, नायट्रस ऑक्साइडला याहून अधिक काही लागत नाही. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी पावणेआठ गोण्या; त्यावर आणखी दोन-तीन गोण्या टाकणारे मी रोज पाहतो. पहिली बचत तिथे आहे.

१३. मग युरिया द्यायचा तरी कसा?

हप्त्यांनी, मातीआड, वापशावर. २०१५ पासून देशातला युरिया कडुनिंबाचे तेल लावूनच येतो, त्यामुळे त्याचे नायट्रेट थोडे सावकाश बनते. पण फेकून दिला तर चुनखडीच्या रानात त्याचा अमोनिया होऊन उडतोच. ठिबकमधून थोडा थोडा देणे उत्तम.

भातासाठी डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री पद्धत आजही मला आदर्श वाटते. २५ आणि १५ सेंटिमीटर आलटून पालटून अंतर ठेवून लावणी करायची, आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) सात-दहा सेंटिमीटर खोल खुपसायची. नत्र मुळांजवळच्या चिखलात राहते, पाण्याबरोबर वाहून जात नाही. याच पद्धतीत पेंढा आणि गिरिपुष्पाचा पाला गाडायलाही सांगितले आहे. तो कर्बासाठी चांगला, पण ताजा पाला तुंबलेल्या चिखलात मिथेन वाढवतो. जमेल तेवढा पेंढा कापणीनंतर किंवा लावणीच्या महिनाभर आधी कोरड्यातच मिसळावा.

१४. शेणखत तर नैसर्गिक. त्यातून हे वायू जात नाहीत ना?

जातात. ओल्या शेणाचा दाबून बसलेला, पावसात भिजणारा उकिरडा आतून बिनहवेचा असतो. तिथे भातखाचरासारखाच मिथेन बनतो. ढीग सावलीत, छपराखाली, काडीकचरा मिसळून सैल ठेवला आणि एक-दोनदा उलथला तर कमी बनतो. त्याहून चांगले म्हणजे गोबरगॅस: मिथेन चुलीत जातो आणि स्लरी शेतात. शेणखतातल्या नत्रालाही प्रश्न १२ चा नियम लागू आहे.

१५. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राब भाजतो. तेही बंद करायचे?

राबामागचे शहाणपण आधी समजून घ्यायला हवे. रोपवाटिकेच्या जागेवर कवळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), गवत, शेण आणि वर मातीचा थर देऊन भाजल्याने तणाचे बी मरते, रोपे तजेलदार येतात. पण काही गुंठ्यांच्या रोपवाटिकेसाठी ऐनाच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या जातात, शेण जळते, आणि ज्या वरकस उतारावरून पाचोळा उचलला तो उघडा पडून पावसात धुऊन जातो. माझ्या मते खरे नुकसान त्या उताराचे, धुराचे त्यामानाने थोडे. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची राख आणि कुजलेले शेणखत घालून तितकीच चांगली रोपे होतात. एका वाफ्यावर करून बघा, मग ठरवा.

१६. पऱ्हाटीचा बायोचार करावा का?

बायोचार म्हणजे कमी हवेत जाळून केलेला, मातीत घालायचा कोळसा. विदर्भात पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) आणि तुराट्या बांधावर पेटवतात, त्यापेक्षा नक्कीच. शंकूसारखा खड्डा खणून थरावर थर जाळायचे, वरची ज्वाला खालच्या कोळशाला हवा मिळू देत नाही, शेवटी पाणी मारून विझवायचे. वजनाने पाव भाग कोळसा मिळतो आणि त्यातला कर्ब शेकडो वर्षे टिकू शकतो.

पण तो कोळसा कुठे घालता याला महत्त्व आहे. बायोचार स्वतः विम्लधर्मी असतो. कोकणच्या आम्ल जांभ्या मातीत तो गुणकारी. आठच्या वर सामू असलेल्या काळ्या, चुनखडीच्या रानात त्याच फायद्याची अपेक्षा नको, तिथे लोह-जस्ताची कमतरता वाढू शकते. आणि कोरडा टाकू नका, शेणखतात महिनाभर मुरवा, नाहीतर सुरुवातीला पिकाचेच नत्र धरून बसतो.

१७. झाडे लावली की मातीतला कर्ब वाढतोच ना?

नेहमी नाही. भारतातल्या जंगलांत साठलेल्या एकूण कर्बापैकी निम्म्याहून जास्त मातीत आहे, लाकडात नाही. तो पाचोळ्याने आणि मुळांनी हळूहळू साठवला. दरवर्षी वणवा लागणाऱ्या सागवनात वरून झाडे उभी दिसतात, पण मातीला पाचोळाच पोहोचत नाही. तिथे नवी रोपे लावण्याआधी जाळरेषा काढणे हे मोठे काम आहे.

पडीक, धुपलेल्या रानात बांधावर झाडे किंवा बांबू लावले तर कर्ब वाढतो. मात्र पुणे-सोलापूरकडची माळराने ‘ओसाड’ समजून खड्डे खणून वृक्षारोपण करतात, ते पाहून वाईट वाटते. माळरानाचा कर्ब जमिनीखाली, गवताच्या मुळांत असतो. खड्डे पाडून तो मोकळा होतो, रोपे दोन उन्हाळ्यांत मरतात, आणि माळढोक-लांडग्यांचे घर जाते ते वेगळेच.

१८. खारफुटीच्या चिखलातही मिथेन असेल की! मग ती कर्बासाठी चांगली कशी?

समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. प्रश्न १० मधली क्रमवारी आठवा: सल्फेट संपल्याशिवाय मिथेनची पाळी येत नाही. म्हणून खाऱ्या चिखलात मिथेन कमी आणि बिनहवेमुळे कुजणे मंद; कर्ब मीटरभर खोलीपर्यंत साठत जातो. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी गोडे होते, तिथे हा नियम ढिला पडतो. गोव्याच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, भरतीचे पाणी आत-बाहेर करून कोरगुटसारखे खारे सोसणारे भात पिकवतात; तिथला चिखल या दोन्हींच्या मधला. खारफुटी तोडून चिखल वाळवला की साठलेला कर्ब मोकळा होऊ लागतो, आणि तो परत साठवणे एका पिढीचे काम नाही.

१९. काळ्या रानात चुनखडीचे खडे आहेत. त्यांतलाही कार्बन मोजतात का?

तो असेंद्रिय कर्ब. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसते, ते त्याचेच. तो मातीची सुपीकता वाढवत नाही, आणि ‘सेंद्रिय कर्ब वाढला’ या दाव्यात धरायचा नसतो. प्रयोगशाळेत रसायनांनी सेंद्रिय कर्ब मोजायच्या नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत तो येतही नाही. पण माती भट्टीत जाळून एकूण कार्बन मोजणाऱ्या यंत्रात येतो. ०.५ चा आकडा एकदम १.५ झालेला दिसला तर आनंद करण्याआधी पद्धत विचारा.

२०. एकाच शेताचे दोन अहवाल वेगळे का येतात?

बहुतेक वेळा नमुन्यामुळे. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी ‘व्ही’ आकाराचे खड्डे घ्या, वरचा काडीकचरा बाजूला करा, ठरलेल्या खोलीपर्यंतची कड खरवडा, सगळे मिसळून चार भाग करत अर्धा किलो ठेवा. झाडाखाली, बांधालगत, उकिरड्याच्या जागी घेऊ नका. शेणखत टाकल्यावर लगेच तर नकोच. वॉकली-ब्लॅकमध्ये सगळा कर्ब पकडला जात नाही, सुमारे ७७ टक्के येतो, म्हणून १.३ ने गुणतात. एका प्रयोगशाळेने गुणले, दुसरीने नाही, तरी फरक पडतो. दरवर्षी तोच महिना, तीच खोली, तीच प्रयोगशाळा ठेवा. ०.०५ चा चढउतार हा चढउतारच नव्हे.

२१. कार्बन क्रेडिटचे करारपत्र घेऊन लोक गावात येतात. सही करावी का?

आधी प्रश्न ४ चा हिशेब पुढे न्या. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. कर्बाला ३.६७ ने गुणायचे. एकरी ७९० किलो कर्ब म्हणजे २.९ टन, म्हणजे जेमतेम तीन क्रेडिट, आणि तेही सात-आठ वर्षांत. त्यातून तपासणी, पडताळणी, धोक्यासाठी राखीव आणि मधल्यांचा वाटा वजा होतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या स्वयंस्फूर्त कार्बन बाजारासाठी आराखडा आणला, पण तुमच्या हातात किती पडणार ते तुमचे करारपत्रच ठरवते.

कागदावर हे विचारा: करार किती वर्षांचा? मधेच जमीन विकली, वाटणी झाली, किंवा एका वर्षी नांगरावे लागले तर? आधार वर्षाचा (ज्याच्याशी पुढची वाढ ताडून बघतात त्या सुरुवातीच्या वर्षाचा) नमुना कोण घेणार, खर्च कोणाचा? पैसे कामाला की क्रेडिट विकल्यावर? क्रेडिटचा मालक कोण? मराठीत प्रत आहे का? एका गावात मी इंग्रजी करार पाहिला, ज्यात पुढची काही दशके पीकपद्धत न बदलण्याची अट होती. सह्या झाल्या होत्या. अट कोणालाच माहीत नव्हती. मातीतला कर्ब तिजोरीतल्या सोन्यासारखा पडून राहत नाही, भरणा थांबला की उतरायला लागतो. म्हणून कराराची मुदत हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

२२. मी वीस वर्षे पाचट जाळलेले नाही. मला क्रेडिट का मिळत नाही?

कारण बाजार ‘नव्याने’ झालेल्या बदलाचे पैसे देतो, आधीपासून चांगले वागणाऱ्याचे नाही. शिवाय वीस वर्षांत तुमच्या मातीने तिच्या कुवतीच्या जवळपास कर्ब भरून घेतलेला असतो. पुढची वाढ मंद. हे अन्यायाचे वाटते, आणि आहेच. पण तुमच्या रानात पाऊस मुरतो, खोडव्याला एक गोणी युरिया कमी लागतो, पाण्याची पाळी चार दिवस पुढे ढकलता येते. हे कोणत्याही करारावाचून दरवर्षी तुमच्याच हिशेबात जमा होत आले आहे. धोका एवढाच, की ‘आधार वर्ष’ वाईट दिसावे म्हणून एकदा पाचट पेटवा असा सल्ला कोणी देईल. मला असे विचारणारे दोन फोन आले आहेत. दोघांनाही मी प्रश्न ८ मधली सरी उकरून बघायला सांगितली.